पाणी येतं कुठून, जातं कुठं

आमच्या लग्नाला गेल्या डिसेंबरात तीस वर्षं झाली. १९९५ साली निकाह झाला तेव्हा लग्नानंतर फिरायला जाण्याची पद्धत आमच्या मोहल्ल्यात फारशी नव्हती. चौथ्या दिवशी मी दुकान उघडलं. महाडच्या पेठेत माझं वह्या-पुस्तकांचं छोटं दुकान आहे. कविता लिहिणाऱ्या माणसाने वह्या विकाव्यात, यात कुणाला योग्य न्याय दिसेल. मला तरी त्यात पोट दिसलं. मग फिरायचं राहिलं ते राहिलंच.

मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याने फोन केला, "अब्बा, गोव्याचं बुकिंग करून देतो. अम्मीला चार दिवस समुद्र दाखवा." ही शेजारी बसून भाजी निवडत होती. म्हणाली, "समुद्र काय मी बघितला नाही? माझं माहेर खाडीवरचं. त्याला म्हणावं, पैसे ठेव." आणि थोडं थांबून म्हणाली, "मला नदी बघायची आहे. हे पाणी येतं कुठून आणि जातं कुठं, ते एकदा डोळ्यांनी बघू दे. मग घराचं काय ते ठरवू."

घरात आम्ही कोकणी बोलतो. रेडिओवर बोलायचं म्हणून मी तिचं बोलणं पुस्तकी मराठीत सांगतोय. तिच्या तोंडी ते याहून खणखणीत होतं.

आता 'घराचं काय ते' म्हणजे काय, हे सांगायला हवं. २०२१ साली बकरी ईद २१ जुलैला होती, बुधवारी. पाऊस लागलेलाच होता. दुसऱ्या दिवशी, म्हणजे २२ जुलैला, सावित्री गावात शिरली. महाडकराला पूर नवा नाही. पेठेत गुडघाभर पाणी आलं की आम्ही माल एक फळी वर चढवतो आणि चहा पितो. त्या दिवशी फळ्या संपल्या. शेजारच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आम्हाला बोलावून घेतलं, तिथून रात्रभर आम्ही आमच्याच घराचं छप्पर बघत होतो. पाणी उतरल्यावर आत गेलो तर फ्रीज आडवा होऊन बाहेरच्या खोलीत येऊन पडलेला. ईदचं, वाटण्यासाठी ठेवलेलं सगळं त्यात. वास काय होता ते मी सांगत नाही. दुकानात शाळेच्या वह्यांचा लगदा झाला होता. माझ्या कवितांच्या दोन जाड वह्या त्यातच कुठेतरी गेल्या. निकाहनामाही गेला. त्याची नक्कल पुढे मिळाली, कवितांची नक्कल कुठून मिळणार?

मदत खूप आली. मशिदींतून आली, गणेश मंडळांकडून आली, घाटावरून ट्रक भरून आली. ओळख ना पाळख, अशा पोरांनी आमच्या घरातला चिखल फावड्याने ओढला. पण त्यानंतर हिचं नदीशी बोलणं तुटलं. पाऊस जोरात आला की ती झोपत नाही. मुलगा म्हणतो, घर विका, पुण्याला या. विकायचं तर घेणाराही पूर बघूनच भाव करतो. चार वर्षं हा विषय जेवणाच्या ताटावर रोज असायचा.

म्हणून तीन दिवसांचा बेत केला. पहिल्या दिवशी खाडीने समुद्रापर्यंत, दुसऱ्या दिवशी परत घरी, तिसऱ्या दिवशी महाबळेश्वर. भाच्याची गाडी, चालवायला भाचा. मधली रात्र आपल्याच घरी, म्हणजे मुक्कामाचा खर्च एकाच रात्रीचा, तोही साडूकडे. लग्नाच्या वाढदिवसाची सहल याहून स्वस्तात कुणी केली असेल तर मला कळवावं.

दादलीचा पूल ओलांडून आम्ही म्हाप्रळच्या रस्त्याला लागलो. हा रस्ता फार जुन्या वाटेचा वारस आहे. इकडे म्हाप्रळ बंदर, तिकडे महाड, वरंध घाट, भोर आणि पुढे थेट पंढरपूर. कोकणचं मीठ, मासळी आणि तांदूळ वर जायचा, घाटावरचा माल खाली यायचा. महाड हे गाव मुळात बंदर आहे, हे आता महाडच्या पोरांनाही सांगावं लागतं. समुद्र इथून पाण्याच्या वाटेने चाळीस-पन्नास किलोमीटर लांब, तरी भरतीचं पाणी महाडपर्यंत चढतं. त्या चढत्या पाण्यावर गलबतं आणि पडाव आत यायचे, ओहोटीबरोबर बाहेर जायचे. डिझेल लागत नव्हतं, चंद्र लागत होता.

हिचे आजोबा पडावावर तांडेल होते. मुंबईहून येताना मंगलोरी कौलं, जाताना भात आणि लाकूड. ही लहान असताना त्यांनी तिला भरतीचं गणित शिकवलं होतं, ते तिने गाडीत मला ऐकवलं. तीस वर्षांत पहिल्यांदा! कोकणातल्या जुन्या माणसांना ते ठाऊक असतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला समुद्र भरलेला. पौर्णिमेला पंधराचे सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. हा हिशेब समुद्रकाठचा आणि ढोबळ. खाडीत जसजसं वर जावं तशी भरती मागाहून पोचते. आमच्याकडे चांदरातीपासून महिना मोजतात, त्यामुळे आमची तारीख तिथीच्या एक-दोन दिवस मागे असते, तेवढा फरक ती मनात धरते.

"मग त्या रात्री?" मी विचारलं.

तिने बोटांवर मोजलं. ईद दहावी तारीख, म्हणजे पूर आला तेव्हा अकरावी. पंचांगात त्या दिवशी आषाढ शुद्ध त्रयोदशी होती, गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर. तेराचे पाऊणपट पावणेदहा. रात्री पावणेदहाला बाणकोटला भरती, त्यानंतर तिचा जोर वर महाडच्या बाजूला. पौर्णिमा जवळ आलेली, म्हणजे साधी भरती नव्हे, उधाण. नदीला समुद्राकडे जायचं होतं आणि समुद्र तिला आत ढकलत होता. ही एवढंच म्हणाली, "मला हे येत होतं. मी मोजलंच नाही."

मंडणगडवरून बाणकोटला पोचेपर्यंत दुपार झाली. सावित्री इथे समुद्राला मिळते. दक्षिणेला बाणकोट, उत्तरेला हरिहरेश्वर. इकडे रत्नागिरी जिल्हा, तिकडे रायगड. मधलं पाणी इतकं रुंद, की महाडच्या पुलाखालची ती हीच का, असा प्रश्न पडावा. किनाऱ्यावर किल्ला आहे, हिम्मतगड. १७५५ साली आंग्र्यांविरुद्धच्या मोहिमेत इंग्रजांच्या आरमाराने तो घेतला आणि पुढच्या वर्षीच्या तहात पेशव्यांनी तो त्यांच्याकडेच राहू दिला. त्यांनी नाव ठेवलं फोर्ट व्हिक्टोरिया. लोकांना वाटतं, राणीचं नाव. राणी जन्मली १८१९ साली. व्हिक्टोरिया म्हणजे विजय, एवढाच त्याचा अर्थ. पेशवाई गेल्यावर काही वर्षं दक्षिण कोकणाचं मुख्य ठाणं बाणकोटलाच होतं, मग ते रत्नागिरीला गेलं. बाणकोट मागे राहिलं, आणि राहिलं ते बरंच झालं, असं तिथली शांतता बघून वाटतं.

मला तिथे एक थडगं बघायचं होतं. आर्थर मॅलेट नावाचा इंग्रज अधिकारी होता. १८५३ साली बाणकोटच्या मुखाशी त्याच्या बायकोची होडी उलटली. बायको, तान्ही मुलगी आणि नावाडी, सगळे बुडाले. त्या मायलेकींचं थडगं बाणकोटला आहे. आता हे कुटुंब इथे करत काय होतं, असं वाटेल. तर तेव्हा मुंबईहून महाबळेश्वरला जाण्याची एक मोठी वाट हीच होती. १८२८ साली मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरला थंड हवेचं ठाणं वसवायला घेतलं. तिथे जाणारे साहेब लोक मुंबईहून समुद्राने बाणकोटला येत, खाडीतून महाडकडे चढत आणि पुढे पारघाटाने पालखीतून वर जात. आज आम्ही ज्या पाण्याला पूर म्हणून ओळखतो, ते त्यांचं फिरायला जायचं रस्त्याचं पाणी होतं. मुखाशी वाळूचा दांडा असतो. बाहेरची लाट आणि आतला ओघ त्यावर एकमेकांना भिडतात आणि पाणी उभं राहतं. हिच्या आजोबांना तो दांडा तोंडपाठ होता, म्हणे. आर्थर मॅलेटच्या नावाड्यांनाही असणार, तरी होडी उलटली.

ही थडग्यापाशी उभी राहिली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली. मी विचारलं नाही.

वेसवीच्या फेरीबोटीत गाडी चढवून पलीकडे बागमांडल्याला उतरलो. फेरीबोटीचा प्रवास काही मिनिटांचा, पण सगळ्या सहलीत ही तेवढीच दिलखुलास हसली. भाच्याला म्हणाली, "गाडी बंद कर, पेट्रोल कशाला जाळतोस, बोट चालली आहे ना." हरिहरेश्वरला काळ्या कातळावर समुद्राने कोरलेली जाळी बघितली. पाऊणएक तास बसलो. २०१६ साली २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळचा जुना पूल वाहून गेला, तेव्हा त्या गाड्यांतल्या माणसांचा शोध या किनाऱ्यापर्यंत घेत यावं लागलं होतं. काही देह खाली पार आंजर्ल्याच्या बाजूला सापडले. नदी काय काय घेऊन इथे येते, हे तेव्हा आम्हाला कळलं. तिथे बसून आम्ही त्याबद्दल बोललो नाही, पण दोघांच्याही मनात तेच होतं.

रात्र श्रीवर्धनला साडूकडे. श्रीवर्धन हे पेशव्यांचं मूळ गाव, आणि रोठा सुपारीचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढलं. साडूची वाडी पाऊण तासात आडवी झाली. सुपारी म्हणजे काही भात नव्हे, की पुढच्या पावसात पुन्हा लावला आणि दिवाळीला कापला. रोप लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. साडूचं वय तेव्हा अठ्ठावन्न. पडलेली झाडं ओढून काढायलाच एक हंगाम गेला, आणि दुसऱ्या पावसात त्याने रोपं लावली. आता ती डोक्याच्या वर गेली आहेत, फळ अजून धरलेलं नाही. मी विचारलं, "विकून टाकावी असं नाही वाटलं?" तो म्हणाला, "वाटलं ना. रोज वाटतं. पण सकाळी पाणी सोडायची वेळ होते." जेवायला तांदळाच्या भाकऱ्या आणि सुरमई होती. त्या सुरमईवर वेगळं भाषण होईल.

दुसऱ्या दिवशी म्हसळा, माणगाव करत महामार्गाने परत. महाडच्या आठेक किलोमीटर अलीकडे दासगाव लागतं. गाडी थांबवून आम्ही बंदराच्या बाजूला उतरलो. बंदर म्हणावं असं आज तिथे फारसं काही नाही. पण २५ डिसेंबर १९२७ च्या दुपारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे उतरले होते. त्या वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचं पाणी त्यांनी आणि त्यांच्यासोबतच्या हजारोंनी प्राशन केलं होतं, हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. डिसेंबरात दुसऱ्या परिषदेला येताना रस्त्याने मोटारी मिळण्याची शाश्वती नव्हती. म्हणून मंडळी मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाली, हरिहरेश्वरापाशी लहान बोटीत बदलली आणि खाडीतून दासगावला आली. तिथून महाडपर्यंत चालत गेली. म्हणजे आम्ही काल आणि आज जी वाट केली, तीच. परिषदेला जागा द्यायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. त्याच मांडवासमोर मनुस्मृतीचं दहन झालं. आमच्या गावातल्या पाण्यावर कुणाचा हक्क, याचा खटला पुढे दहा वर्षं चालला. १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल दिला. पाण्यासाठी माणसांनी एवढं सोसलं, आणि आम्ही त्याच गावात पाणी नको नको म्हणतो!

दासगावात आणखी एक आठवण आहे. २५ आणि २६ जुलै २००५. दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे डोंगर घरांवर आले. दीडशेहून जास्त माणसं गेली. आमच्या गिऱ्हाइकांपैकी जुईची दोन मुलं होती, दर जूनला वह्या न्यायची. त्या वर्षी त्यांनी वह्या नेल्या होत्या. पुढचं मला बोलवत नाही.

महाड यायच्या आधी डाव्या अंगाला गांधारपाल्याची लेणी दिसतात. तीसेक लेणी आहेत, बौद्ध भिक्खूंची, दोन हजार वर्षांच्या आसपासची. काहींत ब्राह्मी लिपीतले लेख आहेत. बंदराकडून घाटाकडे जाणाऱ्या व्यापारी वाटेवर भिक्खूंना दान देणारे भेटत, म्हणून ती इथे खोदली गेली. पण ही म्हणाली ते मला जास्त पटलं. "बघा, केवढ्या उंचावर घरं बांधली त्यांनी. त्यांना नदी माहीत होती."

रात्री घरी झोपलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी निघून राजेवाडीजवळच्या सावित्रीच्या पुलावरून गेलो. हा नवा पूल. जुना १९२८ सालचा, दगडी कमानींचा. तो गेला त्या रात्री एसटीच्या दोन गाड्या, एक राजापूर-बोरिवली आणि एक जयगड-मुंबई, आणि इतर वाहनं अंधारात नदीत गेली. चाळीसच्या आसपास माणसं. नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ ला खुला केला. भाचा पूल संपेपर्यंत गप्प असतो. महाडचे बरेच लोक असतात.

पोलादपूरला मी हट्टाने गाडी थांबवली. 'शिवभारत' लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी इथे आहे. छत्रपतींचं चरित्र संस्कृतात लिहिणारा कवी पोलादपूरच्या मातीत आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. पोलादपूरला लोक वडापाव खातात आणि घाटाला लागतात. मी समाधीवर जाऊन आलो. ही गाडीत बसून राहिली. कवींबद्दल तिचं मत घरातल्या अनुभवावर आधारलेलं आहे.

आता इथून पुढे नदीचं खरं गणित सुरू होतं. पोलादपूर समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही उंच नाही. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास. आणि दोन्हींमधलं अंतर, सरळ रेषेत मोजलं तर पंचवीस किलोमीटरसुद्धा नाही. रस्त्याला तेच अंतर कापायला आंबेनळी घाटाची सगळी वळणं घ्यावी लागतात, चाळीसेक किलोमीटर पडतात. इंग्रजांच्या काळात हा घाट फिट्झगेराल्ड घाट म्हणून ओळखला जायचा. याच घाटात २८ जुलै २०१८ ला सहलीची बस दरीत गेली आणि तीस माणसं दगावली, एकटा माणूस वर चढून आला. ही डोळे मिटून बसली होती. मी तिला प्रतापगड दाखवला, तिने डोळे न उघडता "दिसला" म्हटलं.

आर्थर सीटला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. जुनं नाव मढीमहाल. बायको आणि मुलगी गेल्यावर आर्थर मॅलेट इथे येऊन बसायचा आणि खाली सावित्रीच्या दरीकडे बघत राहायचा, असं सांगतात. म्हणून त्याची बैठक, त्याचं नाव. परवा आम्ही थडगं बघितलं होतं, आता ही बैठक. ही म्हणाली, "म्हणजे त्याने पण हेच केलं." मला लगेच कळलं नाही. "हेच, जे आपण करतोय. पाणी कुठून येतं ते बघत बसला."

आर्थर सीटला उभं राहिलं की डाव्या हाताला सावित्रीची खोल दरी, कडे सरळ तुटलेले. उजव्या हाताला जोरचं खोरं, कृष्णेच्या बाजूचं, त्या मानाने उथळ आणि हिरवं. दोन्ही एका जागेवरून दिसतं. आपल्या कौलारू घराचं आढं असतं ना, तसं हे सह्याद्रीचं आढं. आढ्याच्या अल्याड पडलेला थेंब एका पागोळीला जातो, पल्याड पडलेला दुसऱ्या. पूर्वेला पडलेला थेंब कृष्णेतून चौदाशे किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळतो. हातभर पश्चिमेला पडलेला थेंब सावित्रीत उडी घेतो आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरमध्ये अरबी समुद्रात. फक्त हे घर एका बाजूने उतरतं आणि दुसऱ्या बाजूने तुटलेलं आहे. डोंगर सगळा काळ्या पाषाणाचा, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर थर. वर टोपीसारखा तांबडा जांभा. पश्चिमेकडून येणारे पावसाळी ढग या भिंतीला धडकतात, वर चढतात, थंड होतात आणि रिकामे होतात. एरवीही महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. २३ जुलै २०२१ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला. एका चौरस किलोमीटरवर एवढा पाऊस म्हणजे ५९ कोटी लिटरांहून जास्त पाणी. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर जवळपास साठ हजार टँकर, आणि ते एका चौरस किलोमीटरचे.

मी हिला हे कागदावर मांडून दाखवलं. वरच्या वीसेक किलोमीटरमध्ये नदी बाराशे मीटरहून जास्त खाली येते. मग पोलादपूर ते महाड उतार मंदावतो, आणि महाडच्या पुढे तर उतार नाहीच जवळपास, नुसती खाडी. म्हणजे वरून घागर उपडी करायची आणि खालची न्हाणीची मोरी अरुंद. त्यात महाडच्या परिसरात रायगडाकडच्या काळ आणि गांधारी या नद्याही आपापलं पाणी घेऊन येतात. डोंगर सुटतात, त्यांची माती पात्रात बसते, पात्रात बेटं तयार होतात. २२ जुलैलाच तळियेवर डोंगर आला, ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूरकडे केवनाळे आणि साखर-सुतारवाडीला तेच झालं. ती माती कुठे जाणार? नदीत. पूर ओसरल्यावर गाळ उपसायचं काम झालं, बरंच झालं, पण डोंगर दर पावसात नवा गाळ पाठवतोच. आणि या सगळ्यावर मोरीच्या तोंडाशी समुद्राने भरतीचं बूच लावलं, की गाव न्हाणीसारखं भरतं.

ही कागदाकडे बघत म्हणाली, "म्हणजे वरचा पाऊस आणि खालची भरती, दोन्ही जुळलं तरच."

"तरच असं नाही. नुसत्या पावसानेही पूर येतोच. पण तेवढा मोठा यायचा तर बहुधा दोन्ही लागतं."

"आणि भरती आधी कळते."

"भरती वर्षभर आधी कळते. पावसाचाही इशारा आता एक-दोन दिवस आधी येतो."

मग जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गेलो. कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री, पाचही नद्यांचे झरे तिथे एका ओळीत दाखवलेले आहेत, पुढे सगळं पाणी एका गोमुखातून पडतं. आम्ही चपला काढून आत गेलो, कुणी काही विचारलं नाही. हिने सावित्रीच्या झऱ्यापुढे वाकून बघितलं. मनगटाएवढीही धार नव्हती. "एवढीशी?" ती म्हणाली. मी तिला तिथली कथा सांगितली. ब्रह्मदेवाने यज्ञ मांडला, सावित्रीला यायला उशीर झाला, मुहूर्त टळेल म्हणून त्याने गायत्रीला शेजारी बसवलं. सावित्री आली, रागावली, शाप दिले, उलट शाप मिळाले आणि सगळे नद्या झाले. सावित्रीने कड्यावरून कोकणात उडी घेतली.

"उशीर झाला म्हणून?" ही म्हणाली. "थांबायला काय झालं होतं त्याला?" लग्नाच्या वाढदिवसाला मी देवाची बाजू घेतली नाही.

येताना स्ट्रॉबेरी घेतली, महाडला पोचेपर्यंत निम्मी भाच्याने संपवली.

घर विकायचं नाही, असं तिने घाट उतरताना सांगून टाकलं. पण अटी घातल्या. स्वयंपाकघर आणि कपाटं वरच्या मजल्यावर. खाली फक्त धुऊन निघेल असं सामान. फ्रीज वर. दुकानातला शाळेचा माल जूनमध्ये एकदम भरायचा नाही, थोडा थोडा आणायचा. आणि ज्या दिवशी उधाण आणि वरच्या पावसाचा इशारा एकत्र येईल, त्या दिवशी वाद न घालता कुलूप लावून पुण्याला. रात्री मुलाचा फोन आला, त्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अम्मी, मी विचार करून सांगतो." ती म्हणाली, "तू कर विचार. गवंडी सोमवारी येतोय."

मग तिने नव्या वर्षाचं कॅलेंडर भिंतीवरून काढून मांडीवर घेतलं. जून ते सप्टेंबर, प्रत्येक पौर्णिमा आणि अमावास्येच्या आधीचे दोन दिवस आणि नंतरचे दोन दिवस, तांबड्या पेनाने गोल करत गेली. प्रत्येक गोलात पाऊणपट करून भरतीची वेळ लिहिली. ऑगस्टच्या पानावर पेनातली शाई संपली. मी खाली जाऊन दुकानातून दुसरं पेन आणून दिलं.